एक तारखेला रुजू होण्याबाबत

नेमणुकीचं पत्र शुक्रवारी, दोन तारखेला, दुपारी पावणेतीनला आलं. तीन वाजून दहा मिनिटांपर्यंत घरात आनंद होता. मग हेडक्लार्कांनी चष्मा लावला.

पत्र त्यांच्या मुलीला आलं होतं. नकाशा कार्यालयात आरेखकाची जागा. म्हणजे जमिनी मोजून आलेल्या आकड्यांवरून कागदावर हद्दीच्या बिनचूक रेघा ओढायच्या. शहर बसने सहा तासांवर. एकशे चाळीस उमेदवार होते, जागा एकच, आणि ती हिला मिळाली होती. अटही एकच होती. पंधरा दिवसांत लेखी होकार कळवायचा आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला रुजू व्हायचं. होकार आला नाही, तर जागा यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला.

मुलीने वहीचं पान फाडलं आणि दीड मिनिटात इंग्रजीत उत्तर लिहिलं. 'आय विल जॉइन ऑन द फर्स्ट.' खाली सही.

हेडक्लार्कांनी ते वाचलं. लग्नाच्या मांडवात कुणी बनियनवर येऊन बसावं, तसा त्यांचा चेहरा झाला.

'विल?' ते म्हणाले. 'नुसतं विल?'

'मग काय लिहू? जाणार आहे ना मी.'

'जाणार आहेस म्हणून काय ते असं तोंडावर फेकून मारायचं? कार्यालय आहे ते. त्यांना काय वाटेल?'

'मी येणार आहे, असं वाटेल.'

 त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, 'मसुदा मी करतो.'

ते दिवस पत्रांचे होते. माणसाची पत त्याच्या इंग्रजी पत्रावरून ठरे, आणि कार्बन पेपर लोक दागिन्यासारखा जपून वापरत. हेडक्लार्कांनी पाणीपुरवठा कार्यालयात एकतीस वर्षं मसुदे लिहिले होते. निवृत्त होऊन अकरा महिने झाले होते आणि या अकरा महिन्यांत त्यांना कुणी एका ओळीचाही मसुदा मागितला नव्हता. शेजारी निवृत्त माणसाकडे शिडी मागतात, पेपर मागतात, मसुदा मागत नाहीत. त्यांच्या हाताला कंड सुटली होती, हे ध्यानात घेतलं म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

इंग्रजीबद्दल त्यांचं एक शास्त्र होतं. कॅन, मे, विल, शुड, मस्ट ही क्रियापदांच्या पुढे चालणारी मंडळी त्यांच्या मते स्वभावाने उद्धट. त्यांना वाक्यात एकटं सोडू नये. नव्या नवरीबरोबर पाठराखीण धाडतात तशी प्रत्येकासोबत एक पाठराखीण धाडावी, आणि ती मागे नाही, पुढेही नाही, त्या शब्दाच्या आणि क्रियापदाच्या बरोबर मधे बसवावी. नुसतं 'मे' म्हणजे हुकूम. 'मे काइंडली' म्हणजे विनंती. आणि 'मे वेल' म्हणजे इस्त्रीचे कपडे घालून आलेली धमकी. 'कॅन हार्डली' म्हणजे हात जोडून दिलेला नकार. 'शुड परहॅप्स' हा हाताखालच्या माणसाला घाबरणाऱ्या साहेबाचा आदेश. आपल्याला काहीच माहीत नसलं की 'मस्ट शुअरली' लिहावं. आणि सगळ्यांत गोड 'वुड ग्लॅडली': करायची तयारी पूर्ण आहे, करीनच असं मात्र नाही. अशा सत्तावन्न जोड्या त्यांनी एका जाड रजिस्टरात लिहून ठेवल्या होत्या. कार्यालयातला कुठलाही कागद त्या रजिस्टराच्या नजरेखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नसे.

याचे परिणामही होत. एका उन्हाळ्यात मुख्य नळ फुटला आणि तीन दिवस पाणी येणार नाही, अशी नोटीस लावायची होती. हेडक्लार्कांनी लावली. नागरिकांनी काइंडली ध्यानात घ्यावं, की पाणी पॉसिब्ली पूर्वीइतक्या मुबलक प्रमाणात मिळू शकणार नाही. लोकांनी वाचली, भाषा छान आहे म्हणाले आणि एकानेही बादली भरून ठेवली नाही. तीन दिवस अख्खी वस्ती कोरडी. तेव्हापासून त्यांचं नाव 'मेकाइंडली' पडलं. त्यांना ते ठाऊक होतं. ती पदवी आहे, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

घरीही तेच. तीस वर्षांच्या संसारात त्यांनी भाजीत मीठ कमी आहे, असं कधी म्हटलं नाही. 'मिठाच्या बाबतीत थोडा पुनर्विचार व्हायला हरकत नसावी,' असं म्हणत. बायको मिठाची बरणी त्यांच्यापुढे आदळायची आणि म्हणायची, 'घ्या. विचार करा.'

*

शनिवारी सकाळी दोघे शेजारी आले. आले म्हणजे बोलावले नव्हते, पण चांगली बातमी असलेल्या घराला दार नसतं.

खालच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर उभ्याउभ्याच म्हणाले, 'पत्र कशाला? तार करा. जॉइनिंग फर्स्ट. दोन शब्द. गाडी सुटली.'

'तार लोक मयतीला करतात,' हेडक्लार्क म्हणाले.

'मयतीला चालते म्हणजे सगळ्यालाच चालते.'

समोरच्या दवाखान्यातला कंपाउंडर मात्र खुर्ची ओढून बसला. डॉक्टर सांगत नाहीत ते पेशंटला सांगायची त्याला सवय होती. 'साहेब, एक सांगतो. लगेच हो म्हणायचं नाही. हपापलेले दिसतो आपण. आमच्या मेव्हण्याने लगेच हो म्हटलं, त्याला कायम खिडकीपासून लांबचं टेबल. थोडं थांबवायचं. त्यांनाही कळू दे, की पोरीला चार ठिकाणी मागणी आहे.'

'मला एकाच ठिकाणी मागणी आहे,' आतून मुलगी म्हणाली.

'हे आपल्याला माहीत,' कंपाउंडर आवाज खाली आणून म्हणाला, 'त्यांना कुठे माहीत?'

हेडक्लार्कांना हा मुद्दा मनापासून पटला. तो इतका चटकन का पटला, याचा विचार त्यांनी केला नाही. कार्यालयाच्या लिलावात घेतलेला टाइपरायटर त्यांनी टेबलावर आणला, दोन कागदांमधे कार्बन सरकवला आणि शनिवार-रविवार मिळून सात तासांत एक पान तयार केलं.

पत्र देखणं होतं, यात वाद नाही. नेमणुकीबद्दल अर्जदार कॅन हार्डली आभार मानू शकते, इतकी ती उपकृत आहे. सदर पद स्वीकारण्यास ती वुड ग्लॅडली तयार असून, एक तारीख ही कार्यालयास कुड पॉसिब्ली सोयीची नसल्यास, तिच्या बाजूने अन्य तारखेचाही मे वेल विचार होऊ शकेल. मुलीने ते दोनदा वाचलं.

'बाबा, यात मी येतेय की नाही?'

'सगळं आहे त्यात.'

'कुठल्या ओळीत?'

'ओळीत नसतं गं ते. सुरात असतं.'

बायको स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. 'अहो, हो म्हणून टाका की सरळ. पोरीची नोकरी आहे, तुमच्या नळाची नोटीस नाही.'

हा घाव खोल गेला. त्यांनी जेवताना मिठाबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि सोमवारी, पाच तारखेला, पत्र रजिस्टर्ड पोस्टाने रवाना झालं.

*

उत्तर दहा तारखेला आलं. हेडक्लार्कांनी ते पोस्टमनसमोरच फोडलं, दुसऱ्या ओळीशी थबकले आणि जिन्यावरच बसले.

'काय झालं?' बायको वरून ओरडली. 'नाही म्हणाले?'

'थांब,' ते म्हणाले. गवई रंगात आलेला असताना कुणी खोकलं, की रसिक जसे हात वर करतात तसा हात त्यांनी वर केला.

पत्र आस्थापना शाखेच्या अधीक्षकांचं होतं. नाव वाचता येणार नाही अशी सही, पण मजकूर! आपल्या पत्राची नोंद हे कार्यालय वुड ऑर्डिनरिली होकार म्हणून घेतं. तथापि त्यातला एक-दोन ठिकाणचा भाव पाहता, उमेदवाराच्या मनात माइट परहॅप्स काही किंतु असल्याची शंका कुणास येऊ शकेल. तरी याबाबत मे काइंडली खुलासा व्हावा.

एकतीस वर्षं हेडक्लार्कांनी असं लिहिलं होतं. त्यांना कुणी असं लिहिलं नव्हतं. गावात एकच पेटीवाला असावा आणि अचानक पलीकडच्या टेकडीवरून त्याच सुरात पेटी ऐकू यावी, तसं त्यांना झालं.

'"माइट परहॅप्स",' ते बायकोला म्हणाले. 'वाच. यातला परहॅप्स काढून टाकलास तर नुसता संशय उरतो. तो ठेवला म्हणजे माणुसकी येते. कोण असेल हा माणूस?'

'तो विचारतोय काय?'

'खुलासा मागतोय.'

'मग करा खुलासा.'

खुलासा दोन पानी झाला. इतक्या उंचीच्या माणसाला एका पानात उत्तर देणं हा त्याचा अपमान होता. उमेदवाराच्या मनात किंतु शुड नॉर्मली असण्याचं कारण नाही. तथापि असल्यास तो कार्यालयाबद्दल मस्ट शुअरली नसून, प्रवासाचं अंतर, राहण्याची जागा आणि पाण्याचा पुरवठा या सर्वसाधारण बाबींपुरता असू शकेल. पाण्याचा पुरवठा त्यांनी सवयीने घातला. टाइप झालेल्या पानावर मुलीने पेन्सिलीने 'मी येतेय हे लिहा' असं लिहिलं. हेडक्लार्कांनी पेन्सिलीचा मजकूर रबराने खोडण्यापूर्वी विचारात घेतला, असं ते नंतर सांगत. बारा तारखेला पत्र गेलं.

सतरा तारखेला मूळची पंधरा दिवसांची मुदत संपली. त्याच दिवशी अधीक्षकांचं दुसरं उत्तर आलं. अंतर, जागा आणि पाणी या तिन्हींवर एकेक परिच्छेद होता आणि शेवटी मुदत एक आठवडा वाढवल्याचं असं काही नाजूक सांगितलं होतं, की ते पहिल्या वाचनात कळलंही नाही. हेडक्लार्कांनी एकोणीस तारखेला तीन पानं लिहिली. या काळात ते फार सुखात होते. दाढी रोज करायचे. संध्याकाळी फिरायला जाताना मधेच थांबून 'वुड नॉट नेसेसरिली' असं पुटपुटायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. पोस्टमन त्यांना लांबूनच हाताने 'आज नाही' अशी खूण करू लागला. मुलीच्या वयाच्या माणसांना ती खूण पाहून प्रेमपत्रांचाच संशय आला असता.

 मुलीने मात्र ट्रंक माळ्यावरून काढून पुसून ठेवली होती. दोन दिवस ती ट्रंक पुढच्या खोलीत होती. तिसऱ्या दिवशी हेडक्लार्कांनी 'येता-जाता पायात येते' म्हणून ती पुन्हा माळ्यावर ठेवली.

*

तिसरं उत्तर सोमवारी, सव्वीस तारखेला आलं. आतापर्यंतचं सर्वांत सुंदर. एकच वाक्य, सोळा ओळींचं, मधे सात पाठराखिणी, आणि इतक्या वळणांनंतरही क्रियापद शेवटी जागच्या जागी. हेडक्लार्कांनी ते स्टेशनमास्तरांना वाचून दाखवलं, कंपाउंडरला दाखवलं आणि मंगळवारी दुपारी मुलीलाही दाखवलं. तिला अशा गोष्टींची गोडी लागावी म्हणून.

मुलीने पट्टी घेतली. नकाशातल्या रेघेखाली ठेवावी तशी एकेका ओळीखाली ठेवत ती खाली गेली. शेवटच्या ओळीपाशी पट्टी थांबली.

'बाबा, ही नोटीस आहे.'

'छे!'

'उद्या पाच वाजेपर्यंत स्पष्ट होकार पोचला नाही, तर जागा दुसऱ्याला. असं लिहिलंय.'

हेडक्लार्कांनी कागद हातात घेतला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य पाठराखिणी बाजूला सारून वाचलं. खरंच, नोटीस होती. नळ फुटल्याची नोटीस वाचून माना डोलावणाऱ्या लोकांच्या रांगेत आज ते स्वतः उभे होते. ही रांग काही त्यांना शोभण्यासारखी नव्हती.

  बायकोने त्यांच्या चपला त्यांच्यापुढे आणून ठेवल्या.

स्टेशनमास्तर तारेचा फॉर्म बाळगूनच होते. चार वाजता सगळे तार ऑफिसात. खिडकीपाशी हेडक्लार्कांनी फॉर्म भरला. आतल्या कारकुनाने पेन्सिलीच्या टोकाने शब्द मोजले.

'त्रेचाळीस,' तो म्हणाला. 'ही तार आहे की लग्नपत्रिका?'

'द्या इकडे,' स्टेशनमास्तर म्हणाले आणि त्यांनी फराफरा काट मारायला सुरुवात केली. 'ग्लॅडली, गेलं. काइंडली, गेलं. हे परहॅप्स कशाला? तारेत परहॅप्स? अहो, सिग्नल कधी परहॅप्स हिरवा असतो का?'

'तेवढा एक ठेवा,' हेडक्लार्क केविलवाण्या आवाजात म्हणाले.

'बाबा!' मुलगी म्हणाली.

दोन शब्द उरले. कारकुनाने फॉर्म घेतला, शिक्का मारला आणि मग सांगितलं, की सकाळपासून लाइन बंद आहे, तार उद्या संध्याकाळी जाईल. हे आधी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर तो म्हणाला, 'तुम्ही आधी विचारलं नाहीत.'

*

बुधवारी सकाळी साडेसातच्या बसने बाप-लेक निघाले. बस दीड वाजता पोचायची, ती रस्त्यात एकदा बंद पडून पावणेतीनला पोचली. नकाशा कार्यालय तीन मजली, पिवळ्या रंगाचं, फाटकाशी पहारेकरी आणि पहारेकऱ्यापुढे भेटीचं रजिस्टर. त्यात शेवटचा रकाना होता: भेटीचं कारण.

तिथे कुणी 'काम' लिहिलं होतं, कुणी 'भेट'. एकाने नुसती रेघ मारली होती. हेडक्लार्कांनी पेन काढलं. मुलगी बाजूच्या नळावर पाणी प्यायला गेली होती. ती परत आली तेव्हा भेटीचं कारण रकाना ओलांडून खालच्या चार ओळींत उतरलं होतं आणि पान संपलं होतं.

'आता यांचं नाव कुठे घालू?' पहारेकरी मुलीकडे बोट दाखवून म्हणाला.

'पुढच्या पानावर.'

'पुढचं पान साहेबांची सही झाल्याशिवाय चालू करता येत नाही. साहेब जेवून आले नाहीत.'

'मग मी जाते, बाबा. नोकरी माझी आहे.'

'पास यांच्या नावाचा झालाय,' पहारेकरी म्हणाला. 'एका पासावर एक माणूस.'

फाटकातल्या बाकावर मुलगी बसली. 'बाबा,' ती म्हणाली, 'नुसतं हो म्हणा. काही बोलू नका. हो म्हणा आणि या.'

'काळजी करू नकोस,' हेडक्लार्क म्हणाले. तेव्हा तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

आस्थापना शाखा दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या उजव्या हाताला. खोलीच्या टोकाला मोठ्या खिडकीशी अधीक्षक बसले होते. बारीक, बुटके गृहस्थ. कोटाच्या कोपरांना कापडाचे तुकडे लावलेले. हेडक्लार्कांनी आपण कोण ते सांगितलं, आणि ते गृहस्थ खुर्चीतून असे उठले, की शेजारच्या टेबलावरचे दोघे घाबरून उभे राहिले.

'तुम्ही? म्हणजे ते "कॅन हार्डली"?'

'आणि "माइट परहॅप्स" आपलं?'

दोघांनी हस्तांदोलन केलं आणि बराच वेळ हात सोडले नाहीत. अधीक्षकांनी फाईल काढली. तिन्ही पत्रं तारीखवार लावलेली, वर संदर्भाचे कागदी झेंडे. दुसरं पत्र त्यांनी शाखेत मोठ्याने वाचून दाखवलं होतं. चहा आला. मग ज्या ज्या गोष्टी निघाल्या त्या फक्त त्या दोघांनाच कळण्यासारख्या होत्या. 'शुड प्रेफरेबली' वरिष्ठांना लिहावं की नाही. हल्लीची मुलं सगळ्यांच्या पुढे नुसतं 'प्लीज' लावून मोकळी होतात. पूर्वी स्मरणपत्रसुद्धा कसं वाढदिवसाच्या शुभेच्छांसारखं यायचं. अधीक्षकही या महिनाअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी येणारा माणूस, ते खालमानेने म्हणाले, छापील फॉर्म वापरतो.

'छापील?'

'हो किंवा नाही. चौकोनात खूण करायची.'

दोघांनी थंड झालेला चहा संपवला.

भिंतीवर चार पस्तीस झाले होते. अधीक्षकांनी टाक उचलला. 'तर मग. कन्या येणार ना?'

'यायला प्रत्यवाय नसावा, असं म्हणायला तूर्त तरी हरकत दिसत नाही,' हेडक्लार्क म्हणाले.

अधीक्षक हसले, पण टाक टेकवला नाही. 'वा. पत्रात हे मी हजारदा घेतलं असतं. पण ही टिप्पणी आहे. खाली साहेबांची सही होते. इथे मला हो किंवा नाही लागतं.'

'म्हणजे मनापासून इच्छा आहेच तिची. नकार असण्याचं तसं काही...'

'हो लिहू?'

हेडक्लार्कांनी तोंड उघडलं. एक अक्षर होतं. मुलगी फाटकाशी बसून त्याच एका अक्षराची वाट पाहत होती, हे त्यांना ठाऊक होतं. पंचवीस मिनिटांनी ते उपयोगाचं राहणार नाही, हेही ठाऊक होतं. आणि ते बाहेर येईना. आडवं येत होतं ते पाठराखिणींपैकी कुणी नव्हतं.

अधीक्षकांनी टाक खाली ठेवला आणि फाईल आपल्याकडे ओढली.

'एक बोलू? रागावू नका. तुमचं पहिलं पत्र मी वाचलं आणि मला वाटलं, की उमेदवाराला यायचं नाही. मग दुसऱ्या पत्रात कुणीतरी पेन्सिलीने लिहून खोडलेलं दिसलं. मी येतेय, हे लिहा. खोडलं तरी ठसा राहतो कागदावर. तेव्हा कळलं, की तिला यायचंय. पाठवायचं नाही ते पत्र लिहिणाऱ्याला.'

हेडक्लार्कांनी त्या पानावरून बोट फिरवलं.

'नियमाप्रमाणे जागा सतरा तारखेलाच दुसऱ्याला जायला हवी होती. मी दोनदा मुदत वाढवली. साहेब ओरडले. म्हटलं, साहेब, थोडा वेळ लागतो.' त्यांनी चष्मा पुसला. 'आमची धाकटी नोकरीला गेली तेव्हा मी तिच्या कार्यालयाला चार पत्रं लिहिली होती. तिच्या खोलीला पंखा आहे का, विचारायला. पंखा होता. पहिल्या पत्राच्या उत्तरातच लिहिलं होतं त्यांनी.'

शेजारच्या टेबलावरचे दोघे आवराआवर करू लागले होते. खणांची कुलुपं वाजत होती. हेडक्लार्कांना वाटलं, की आता काहीतरी बोलायला हवं, म्हणजे आभार, किंवा गैरसमज झाल्याबद्दल खेद, किंवा निदान पाण्याच्या पुरवठ्याबद्दल एखादा शब्द. त्यासाठी लागणारं सगळं सामान त्यांच्याजवळ होतं. त्यातलं त्यांनी काहीच काढलं नाही.

'येणार,' ते म्हणाले. 'एक तारखेला.'

अधीक्षकांनी लिहिलं. चार वाजून पन्नास मिनिटं, असंही लिहिलं, आणि टीपकागद दाबला.

*

फाटकाशी मुलगी उभी होती. तिच्या पायाशी पिशवी, हातात दोघांच्या जेवणाचा न उघडलेला डबा.

'काय झालं?'

'झालं.'

'म्हणजे काय, बाबा? नीट सांगा. काय विचारलं त्यांनी?'

'एकच विचारलं.'

'आणि तुम्ही काय म्हणालात?'

'येणार म्हणालो.'

तिने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. आणखी काही येतंय का, याची वाट पाहिली. आलं नाही. 'एवढंच?'

'एवढंच.'

'लिहून घेतलं?'

'माझ्यासमोर.'

मुलीने डबा पिशवीत ठेवला आणि एकदम हसायला लागली. मग हसता हसता ती चिडली, कारण हक्क होता तिचा तो. 'मग दीड तास काय करत होतात वर? मी इथे मरतेय! पहारेकरी तीनदा विचारून गेला, वडिलांना बरं नाही का म्हणून. एक शब्द म्हणायला दीड तास?'

पहारेकरी रजिस्टर मिटून इकडेच बघत होता. लोक कार्यालयातून बाहेर पडत होते, सायकली काढत होते, एकमेकांना 'उद्या' म्हणत होते.

'मला तुला सोडवत नव्हतं,' हेडक्लार्क म्हणाले.

मुलीचं चिडणं तिथेच थांबलं. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळा झालेला हात त्यांच्या कोपरात घातला. एक तारखेपासून ज्या रस्त्याने ती रोज जाणार होती तो रस्ता दोघांनी हळूहळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत, चालून पाहिला. कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करणारा बसतो, पुढे वाचनालय आहे, वाचनालयाशेजारी अधीक्षकांनी पत्रात सुचवलेलं बायकांचं वसतिगृह. वसतिगृहाच्या खिडक्यांना पडदे होते. पंखे होते की नाही, ते खालून दिसत नव्हतं, आणि हेडक्लार्कांनी विचारलं नाही.

घरी जाणारी बस साडेपाचची होती. ती त्यांनी जाऊ दिली आणि साडेसहाची धरली.